चिन्ह, अनुमान आणि युक्ती : बडोद्याच्या एका अभियोगाच्या निमित्ताने आयुर्वेदीय निदानविचार

बडोद्याचे नाव निघाले की मराठी वाचकाच्या मनात प्रथम श्रीमंत सयाजीराव महाराजांची कारकीर्द उभी राहते. १८७५ पासून १९३९ पर्यंतची ती चौसष्ट वर्षे. त्या काळातील ग्रंथालये, सक्तीचे प्राथमिक शिक्षण, कलाभवन आणि प्राच्यविद्यामंदिर यांविषयी आमच्या भाषेत पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या एका बारा वर्षांच्या मुलास ही गादी ज्या प्रसंगामुळे प्राप्त झाली, त्या प्रसंगाच्या मुळाशी एक वैद्यकीय प्रश्न होता, ही गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. एका मनुष्याच्या देहात काही चिन्हे दिसली. त्या चिन्हांवरून कारण कोणते ठरवावे, हा तो प्रश्न. वैद्याच्या दारी रोज हाच प्रश्न उभा असतो. बडोद्यास तो एकदा न्यायासनापुढे उभा राहिला आणि त्याच्या उत्तरावर एका राजाचे भवितव्य टांगले गेले.

आयुर्वेदाविषयी आज जी चर्चा चालते ती बहुतांशी औषधांची असते. अमुक मुळी अमुक रोगावर चालते की नाही, अमुक भस्म हितकर की घातक, अशा प्रश्नांवर पक्ष आणि प्रतिपक्ष हिरिरीने भांडतात. औषध हे निर्णयाचे फळ होय. तो निर्णय वैद्य कोणत्या मार्गाने करतो, याचा विचार क्वचितच होतो. आमच्या मते चरक-सुश्रुतांनी मागे ठेवलेल्या धनातील सर्वांत मोलाचा भाग तो मार्गच आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा परामर्श घेण्याचे आम्ही योजिले आहे.

१

प्रथम तो प्रसंग पाहू. १८७४ सालच्या नोव्हेंबरची ९ तारीख. बडोद्याचे इंग्रज रेसिडेंट कर्नल फेअर सकाळी फिरून आले आणि नित्याप्रमाणे ठेवलेल्या पपनसाच्या सरबताचे दोनतीन घोट त्यांनी घेतले. चव न आवडल्यामुळे उरलेले सरबत त्यांनी बाहेर फेकून दिले. अर्ध्या-पाऊण तासाने त्यांना मळमळू लागले, डोके फिरू लागले, दृष्टी अंधुक झाली आणि तोंडास धातूसारखी चव आली. पेला पुन्हा हाती घेतला तो तळाशी गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी तो गाळ तपासला. पुढे मुंबईचे सरकारी रसायनपरीक्षक डॉ. ग्रे यांच्याकडे तो गेला. त्यात सोमल आहे, शिवाय हिऱ्याची पूड असावी, असा अभिप्राय आला. रेसिडेन्सीतील दोन नोकरांनी आपण विष घातल्याची कबुली दिली आणि मूळ प्रेरणा महाराज मल्हारराव गायकवाड यांची असल्याचे सांगितले. १८७५ च्या जानेवारीत महाराजांस अटक झाली.

चौकशीसाठी नेमलेल्या मंडळात सहा सभासद होते. सर रिचर्ड काउच हे अध्यक्ष. मीड आणि मेल्व्हिल हे दोघे इंग्रज. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह आणि सर दिनकरराव राजवाडे हे तिघे हिंदी. महाराजांच्या बाजूने सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित बॅरिस्टर विलायतेहून आले. पुरावा एकच होता, साक्षीदार तेच होते. तरी इंग्रज सभासदांनी अपराध सिद्ध झाला असे म्हटले आणि हिंदी सभासदांनी तो सिद्ध झाला नाही असा अभिप्राय दिला. मंडळ तीनास तीन असे दुभंगले. अखेर सरकारने विषप्रयोगाचा प्रश्न बाजूस सारून गैरकारभाराच्या कारणावरून एप्रिल १८७५ मध्ये महाराजांस पदच्युत केले आणि मद्रासेस रवाना केले. त्यानंतर जमनाबाईसाहेबांनी सयाजीरावांस दत्तक घेतले.

या प्रकरणातील राजकारण आमचा विषय नव्हे. आमचे लक्ष वेधते ते निराळ्या गोष्टीकडे. आधीच्या काही दिवसांतही कर्नल फेअर यांस अस्वस्थ वाटले होते आणि त्या अस्वस्थतेचे कारण त्यांनी किरकोळ ज्वर मानले होते. ९ नोव्हेंबरनंतर त्याच अस्वस्थतेकडे ते विषाचे चिन्ह म्हणून पाहू लागले. चिन्ह तेच, परंतु अर्थ पालटला. तोंडास आलेल्या धातूसारख्या चवीचेही तसेच. सोमलास स्वतःची अशी चव जवळजवळ नसते. सोमलाच्या बाधेने मात्र तोंडाची चव बिघडू शकते. तेव्हा ती चव एकटीने काहीच ठरवू शकत नव्हती. गाळात सोमल असणे ही रसायनशास्त्राने दाखविलेली गोष्ट. तो कोणी, कोणाच्या सांगण्यावरून घातला, हे कबुलीवरून ठरवावयाचे. आणि कबुली देणारे तर स्वतःच अपराधात सामील. प्रत्येक पायरीवर पुराव्याची जात बदलत होती, आणि प्रत्येक जातीचे बळ वेगळे होते.

२

राजाच्या अन्नपानात विष मिसळले जाण्याची भीती आमच्या वैद्यांस नवी नव्हती. सुश्रुतसंहितेतील कल्पस्थानाचा आरंभच या विषयाने होतो. राजाच्या पाकशाळेवर वैद्याची देखरेख असावी, तो कुलीन, निर्लोभ आणि सावध असावा, असे तेथे सांगितले आहे. विषारी अन्न कसे ओळखावे याची लक्षणे पुढे येतात : ते खाल्लेल्या माश्या आणि कावळे मरतात, अग्नीत टाकले असता ते तडतडते आणि ज्वाला मोराच्या कंठासारखी दिसते. पेय पदार्थांत विष असेल तर त्यावर नाना रंगांच्या रेषा उमटतात, फेस आणि बुडबुडे येतात, त्यात पडणारे प्रतिबिंब दिसत नाही किंवा वेडेवाकडे दिसते. यांतील किती लक्षणे आजच्या परीक्षेत टिकतील हा प्रश्न वेगळा. परंतु पेल्याचा तळ पाहण्यापूर्वी पेय पाहावे, ही सावधगिरी त्या वैद्यांनी शास्त्रात बसवून ठेवली होती.

याहून महत्त्वाचा भाग पुढे आहे. विष घालणाऱ्या मनुष्याची चिन्हे सांगताना सुश्रुत म्हणतात की, असा मनुष्य विचारले असता उत्तर देत नाही, बोलू लागला तर गोंधळतो, कारणावाचून हसतो, बोटे मोडतो, जमीन उकरतो, थरथरतो आणि भोवताली पाहत राहतो. एखादा सामान्य ग्रंथकार येथे थांबला असता. सुश्रुत थांबत नाहीत. निरपराध माणसेही राजाच्या भयाने किंवा त्याच्या आज्ञेच्या घाईने तशीच वागू लागतात, असे ते लागलीच बजावतात. आणि म्हणून सेवकांची नीट परीक्षा करावी असे सांगतात. चिन्ह आणि कारण यांचा संबंध किती सैल असू शकतो, हे या एका इशाऱ्यात आले आहे. थरथरणारा हात अपराध्याचा असेल, किंवा केवळ भ्यालेल्या गरिबाचा असेल. बडोद्याच्या चौकशीमंडळापुढे जी अडचण आली तिचे बीज सुश्रुतांनी किमान दीड हजार वर्षांपूर्वी नेमके ओळखले होते.

३

आता हाच विचार रोग्याच्या शय्येजवळ कसा चालतो ते पाहावे. चरकांनी ज्ञानाची चार साधने मानली आहेत : आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. पहिली तीन आमच्या दर्शनग्रंथांमुळे वाचकांच्या परिचयाची आहेत. प्रथम अनुभवी आणि निःस्वार्थी जाणकारांच्या वचनावरून रोगाचे सामान्य स्वरूप समजून घ्यावयाचे. नंतर स्वतःच्या इंद्रियांनी रोग्यास पाहावयाचे. आणि जे इंद्रियांस दिसत नाही ते अनुमानाने जाणावयाचे. हा क्रम मुद्दाम लावलेला आहे. ज्याने आधी काहीच ऐकले वा वाचले नाही, त्यास समोरचे दिसूनही काय पाहावे हे कळत नाही.

प्रत्यक्षाची मर्यादाही चरकांनी आखून दिली. डोळ्यांनी वर्ण, आकार आणि कांती पाहावी, कानांनी आतड्यांचा आवाज, सांध्यांचा कटकट असा नाद आणि स्वर ऐकावा, हाताने उष्णता आणि शैत्य पाहावे, गंधही घ्यावा. रस मात्र वैद्याने स्वतःच्या जिभेने चाखावयाचा नाही. तेथे अनुमान. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, यावरून शरीरात माधुर्य वाढले आहे असे समजावे. रोग्याचे रक्त पडत असेल आणि ते शुद्ध रक्त की पित्ताने दूषित झालेले असा संशय असेल, तर ते कुत्रा किंवा कावळा यांच्यापुढे ठेवावे. त्यांनी खाल्ले तर शुद्ध, न खाल्ले तर दूषित. जाठराग्नी पचनशक्तीवरून, शरीराचे बळ श्रम सोसण्याच्या शक्तीवरून अनुमानावे. आजचा तरुण डॉक्टर मुंग्यांची आणि कावळ्यांची ही कसोटी वाचून हसेल. त्याने हसावे, परंतु हेही पाहावे की जेथे इंद्रिय पोचत नाही तेथे एखादे बाह्य साधन योजून उत्तर मिळवावे, हीच आजच्या प्रयोगशाळेचीही रीत आहे. मुंगीच्या जागी आज साखर दाखविणारी पट्टी आली. चरकांच्या हाती ती असती तर त्यांनी ती टाकून मुंग्यांची वाट पाहिली असती, असे मानण्यास काहीच आधार नाही.

चौथे साधन युक्ती. हा चरकांचा विशेष होय. न्यायदर्शनाने त्यास वेगळे स्थान दिलेले नाही. पाणी, नांगरट, बीज आणि ऋतू यांचा योग जुळला म्हणजे पीक येते, हा चरकांचा दृष्टांत. यांतील कोणतेही एक कारण पुरेसे नाही, आणि एकही गाळून चालत नाही. अनेक कारणांच्या मेळातून होणारे कार्य जी बुद्धी एकत्र पाहते, ती युक्ती. रोग हेही असेच पीक असते. त्यात आहार असतो, ऋतू असतो, वय असते, मनाचा क्षोभ असतो, कुळातून आलेली प्रकृती असते. म्हणून चरकांनी विमानस्थानात रोग्याची दशविध परीक्षा सांगितली : प्रकृती, विकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि वय. रोग एकच असला तरी दोन रोगी एक नसतात, हा त्या यादीचा अर्थ.

विषासही हाच नियम लावला आहे. योग्य युक्तीने दिलेले तीक्ष्ण विष औषध ठरते आणि अयोग्य रीतीने दिलेले औषध विष ठरते, असे चरकांचे सांगणे आहे. ज्या सोमलाने आणि हिऱ्याच्या पुडीने बडोद्यात राजकारणाचे वादळ उठविले, ते दोन्ही पदार्थ रसशास्त्रात शोधन-मारण करून अल्प मात्रेत औषध म्हणून सांगितलेले आहेत. पदार्थ तोच, मात्रा, संस्कार आणि प्रयोजन निराळे.

४

निदानाची रीत पाच अंगांची आहे. निदान म्हणजे रोगाचे कारण; पूर्वरूप म्हणजे रोग प्रकट होण्यापूर्वीची चिन्हे; रूप म्हणजे प्रकट लक्षणे; उपशय म्हणजे कशाने बरे वाटते आणि कशाने वाढते याची परीक्षा; संप्राप्ती म्हणजे रोग शरीरात कोणत्या वाटेने घडत गेला त्याचा क्रम. माधवकरांचा ग्रंथ याच विषयाला वाहिलेला असून त्याचा पाठ शतकानुशतके वैद्यांच्या घरांतून होत आला. या पाचांपैकी कोणतेही एक पुरेसे नसते, हे दाखविण्यासाठी दोनच उदाहरणे देतो.

एका रोग्याचे मूत्र पिवळे किंवा रक्तासारखे होते. रूप पाहून उतावळा वैद्य प्रमेह म्हणून मोकळा होईल. चरक म्हणतात, थांबा. प्रमेहाची पूर्वरूपे या मनुष्यात होती काय ते विचारा. तळहात-तळपायांची आग, केसांची जटा होणे, तोंडाची गोडी, ही चिन्हे आधी मुळीच नसतील तर हा प्रमेह नव्हे, रक्तपित्त होय. आज जे डोळ्यांसमोर आहे त्याचा अर्थ काल काय घडले यावरून लागतो. म्हणूनच सुश्रुतांनी पाच इंद्रियांच्या जोडीस प्रश्न हे सहावे साधन दिले आणि विचारण्यास पाहण्याइतकीच प्रतिष्ठा दिली.

दुसरे उदाहरण ऊरुस्तंभाचे. मांड्या जड होतात, आखडतात, ठणकतात. वातरोग असावा असे वाटते आणि वातरोगास तैलमर्दन हितकर. परंतु तेल लावताच दुखणे वाढते. येथे वैद्याने तेल अधिक जोराने चोळावयाचे नाही; आपलाच निर्णय चुकला असे समजून तो बदलावयाचा. ज्या रोगाची लक्षणे गूढ असतील त्याची उपशयाने परीक्षा करावी, हा चरकांचा दंडक आहे. उपचार हीच कसोटी, आणि कसोटीत उतरला नाही तो तर्क सोडून द्यावयाचा. शास्त्र म्हणून ज्यास मान द्यावयाचा त्याची खूण हीच, असे आम्हांस वाटते.

त्याच वृत्तीचे आणखी एक वचन सूत्रस्थानात आढळते. एखाद्या रोगाचे नाव सांगता आले नाही म्हणून वैद्याने लाजू नये. सगळ्या विकारांना ठरीव नावे नसतात. दोषाची प्रकृती, त्याचे स्थान आणि त्याचे कारण ओळखून काम करावे, असा त्याचा आशय. नावाच्या मागे लागलेल्या आजच्या रोग्यास आणि कधीकधी डॉक्टरासही हे सांगण्याजोगे आहे. उलट बाजूही विसरता कामा नये. जंतूचे नाव कळल्यावाचून क्षयाचा उपचार करणे आज कोणी शहाणपणाचे म्हणणार नाही. जेथे नाव म्हणजे कारणच असते, तेथे ते शोधलेच पाहिजे.

५

निर्णय एकट्याच्या बुद्धीवर सोडू नये, हीही या परंपरेची शिकवण. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात चरकांनी वैद्यांच्या चर्चेचे दोन प्रकार सांगितले आहेत : सलोख्याने चालणारी संधायसंभाषा आणि जिंकण्याच्या ईर्षेने चालणारी विगृह्यसंभाषा. पहिलीत हरण्याची भीती धरू नये, जिंकल्याचा गर्व करू नये, दुसऱ्याचे नीट ऐकावे. पुढे वादमार्गाची चव्वेचाळीस पदे येतात आणि त्यांत प्रतिज्ञा, हेतू, दृष्टांत, उपनय, निगमन ही नैयायिकांची परिचित मंडळी भेटतात. हेत्वाभासांची उदाहरणे खास वैद्याच्या घरची आहेत. अमुक मनुष्य आयुर्वेदातील चार गोष्टी बोलतो. तो खरा वैद्य की नाही असा संशय येतो. तेव्हा कोणी म्हणावे, ज्याअर्थी तो आयुर्वेदातील चार गोष्टी बोलतो त्याअर्थी तो वैद्यच! ज्या गोष्टीने संशय उत्पन्न केला तीच संशय फेडण्यास आणलेली. हा हेतू नव्हे, असे चरक सांगतात. भोंदू वैद्यांवर याहून नेमका प्रहार आमच्या पाहण्यात नाही.

येथे बडोद्याचे नाव पुन्हा घ्यावे लागते, आणि या वेळी अभिमानाने. ज्या गादीवर सयाजीराव आले तिच्या आश्रयाने १९१६ पासून गायकवाड प्राच्य ग्रंथमाला निघू लागली आणि १९२७ मध्ये प्राच्यविद्यामंदिराची स्थापना झाली. या ग्रंथमालेत तर्कशास्त्राचे जे ग्रंथ छापले गेले त्यांनी हिंदी विचाराच्या इतिहासाची दारे उघडली. १९२६ मध्ये शांतरक्षितांचा तत्त्वसंग्रह, १९३० मध्ये न्यायप्रवेश, आणि त्यांच्या दरम्यान १९२९ मध्ये इटलीचे पंडित तूची यांनी सिद्ध केलेले दिङ्नागपूर्व बौद्ध तर्कग्रंथ. मूळ संस्कृत प्रती उपलब्ध नसल्यामुळे चिनी भाषांतरांवरून हे ग्रंथ पुन्हा उभे करावे लागले. त्यांतील उपायहृदयासारखा ग्रंथ चरकांच्या वादमार्गाशेजारी ठेवून पाहिला म्हणजे वैद्य, बौद्ध भिक्षू आणि नैयायिक हे एकाच प्रकारच्या वादसभांतून वावरत होते, हे ध्यानात येते. डॉ. सतीशचंद्र विद्याभूषण यांनी तर १९२१ च्या आपल्या इतिहासग्रंथात न्यायशास्त्राच्या उगमाचा माग काढताना चरकसंहितेस मोठे स्थान दिले. रोग्याच्या शय्येजवळची गरज हीही तर्कशास्त्राच्या मातांपैकी एक होती, असे म्हणण्यास म्हणून जागा आहे.

संधायसंभाषा ही केवळ ग्रंथातील गोष्ट नव्हती, याची साक्ष आमच्या कोंकणी बांधवांच्या इतिहासात मिळते. गोव्यातून परागंदा होऊन कोचीस स्थिरावलेल्या, तेथे तिरुमलदेवाचे देवालय वसविणाऱ्या समाजातील रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन वैद्य सतराव्या शतकात डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड यांच्या वनस्पतिग्रंथाच्या कामी सहभागी झाले. त्यांचे २० एप्रिल १६७५ चे नागरी लिपीतील कोंकणी प्रमाणपत्र त्या ग्रंथात जसेच्या तसे छापलेले आहे. मलबारचे वैद्य इट्टी अच्युतन यांचेही तसेच प्रमाणपत्र आहे. बारा खंडांचा हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. एखादी वनस्पती पुढे आली म्हणजे हे वैद्य आपल्या ग्रंथांतील वचने मुखोद्गत म्हणत, मतभेद झाला तर मर्यादा न सोडता वाद करीत, आणि पूर्वाचार्यांविषयी आदर राखीत, याचे व्हॅन ऱ्हीड यांस कौतुक वाटले. त्या सभेत निरनिराळ्या जातींचे आणि भाषांचे वैद्य होते. चरकांचा अध्याय तेथे प्रत्यक्ष वावरत होता.

६

इतक्या उंचीवरून आम्ही खाली कसे आलो, हेही सांगितले पाहिजे. बृहत्त्रयीत नाडीपरीक्षेस स्वतंत्र स्थान नाही. ती शार्ङ्गधराच्या ग्रंथापासून ठळकपणे दिसते. योगरत्नाकरात नाडी ही आठ परीक्षांपैकी एक आहे. तिच्या जोडीस मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृष्टी आणि आकृती आहेत. लोकांच्या मनात मात्र आठांपैकी एकच उरली. अंतःपुरातील राणीच्या मनगटास बांधलेला दोरा पडद्याबाहेर धरून सर्व रोग सांगणाऱ्या वैद्यराजाच्या कथा आमच्या समाजात आवडीने सांगितल्या जातात. असे वैद्य होते की नव्हते हा वाद आम्हांस घालावयाचा नाही. परंतु प्रश्न न विचारता, रोग्याकडे न पाहता दिलेला निर्णय हा पराक्रम मानला जाऊ लागला, तेव्हा चरकांची शिस्त सुटली. अनेक चिन्हांचा मेळ घालणारी युक्ती गेली आणि एका चिन्हाचा चमत्कार आला.

आधुनिक काळात याच सुटलेल्या शिस्तीने दुसरे रूप घेतले आहे. वैद्य नाही, परीक्षा नाही. केवळ औषधाचे नाव. गुग्गुळाचे उदाहरण बोधप्रद आहे. सुश्रुतांचे मेदोरोगाचे वर्णन वाचून काशी हिंदू विश्वविद्यालयात डॉ. सत्यवती यांनी सशांवर प्रयोग केले आणि १९६६ मध्ये आपला प्रबंध सादर केला. प्राचीन वर्णनास आधुनिक कसोटी लावण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता आणि त्यातून पुढे भारतात औषधही तयार झाले. परंतु १९३ नव्हे, १०३ रोग्यांची जी परीक्षा अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे झाली आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत आठ आठवड्यांनंतर रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल घटण्याऐवजी किंचित वाढलेले आढळले. आयुर्वेदाभिमान्यांनी रागावण्यापूर्वी सुश्रुतांचे मूळ स्थळ पाहावे. तेथे गुग्गुळ एकटा नाही. शिलाजित, गोमूत्र, त्रिफळा, लोहचूर्ण, मध, जव, मूग, सावा आणि व्यायाम यांच्या पंक्तीत तो बसला आहे, आणि ही पंक्ती स्थूल झालेल्या, चालताना धाप लागणाऱ्या विशिष्ट रोग्यासाठी आहे. त्या पंक्तीतून एक गोळी उचलून ती रक्तातील एका आकड्यावर चालवावयाची, ही चरकांची युक्ती नव्हे. तथापि एवढे म्हणून सुटकाही होत नाही. संपूर्ण पंक्ती गुणकारी आहे असे ज्यास म्हणावयाचे आहे, त्याने ती तितक्याच कडक परीक्षेस उभी केली पाहिजे. ऊरुस्तंभाच्या वैद्यास जो नियम, तो आम्हांसही.

अशी परीक्षा अशक्य नाही. कोइमतूर येथे आमवातसदृश संधिवाताच्या ४३ रोग्यांवर झालेला एक प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वैद्यांस प्रत्येक रोग्याची प्रकृती पाहून औषध निवडण्याची मोकळीक होती. तरी खरे औषध कोणास आणि औषधासारखे दिसणारे निरुपद्रवी द्रव्य कोणास मिळत आहे, हे रोग्यांपासून आणि वैद्यांपासून गुप्त ठेवले होते. आयुर्वेदीय उपचार, मेथोट्रेक्सेट हे पाश्चात्य औषध आणि दोन्ही मिळून, अशा तीन गटांत छत्तीस आठवड्यांनंतर फारसा फरक आढळला नाही. रोगी थोडे होते, म्हणून यावर विजयपताका उभारू नये. परंतु रोग्यागणिक निराळा विचार करणारी पद्धतीही निष्पक्ष कसोटीस लावता येते, हे त्या प्रयोगाने दाखविले. आणि पुढील मार्ग तोच आहे.

दुसरी बाजू सोमलाची. २००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेली, दक्षिण आशियात तयार झालेली ७० आयुर्वेदीय औषधे तपासली गेली. त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा सोमल यांचे अंश आढळले. आमची कितीतरी कुटुंबे आज परदेशी आहेत आणि मायदेशाच्या ओढीने अशी औषधे घरी ठेवतात. १८७४ मध्ये बडोद्याच्या पेल्यातील गाळ पाहण्यासाठी मुंबईच्या रसायनपरीक्षकाकडे जावे लागले. आज बंद बाटलीतील गाळ कोणास दिसतही नाही. सुश्रुतांनी राजाच्या पाकशाळेवर जागता वैद्य बसविला होता. प्रजेच्या औषधशाळेवर तितकाच जागता परीक्षक असावा, ही मागणी आयुर्वेदाच्या विरुद्ध नाही, त्याच्याच परंपरेतील आहे.

आमच्या समाजात देवस्थानांच्या आश्रयाने धर्मार्थ दवाखाने चालतात, उत्सवप्रसंगी औषधांचे वाटप होते. ही सेवा स्तुत्य आहे. तीत एवढीच भर घालावी अशी आमची नम्र सूचना आहे : औषधाबरोबर परीक्षेसही वेळ मिळावा. वैद्याने विचारावे, रोग्याने न लपविता सांगावे. पूर्वी काय झाले, कशाने बरे वाटले, कशाने वाढले, दुसरी कोणती औषधे चालू आहेत, हे बोलणे व्हावे. रसायनशाळेचा अहवाल असेल तर वैद्याने तो आप्तवचनाच्या आदराने वाचावा. आणि गुण आला नाही तर मत बदलण्याचे धैर्य उभयतांनी ठेवावे.

मल्हाररावांनी विष घालविले की नाही, याचा निकाल त्या सहा सभासदांस एकमताने देता आला नाही आणि इतिहासासही तो देता आलेला नाही. वैद्यास मात्र अनिर्णयात बसून राहण्याची सवड नसते. रोगी समोर असतो, वेळ थोडा असतो आणि चिन्हे अपुरी असतात. अशा वेळी बुद्धीने कसे चालावे, याचा विचार आमच्या पूर्वाचार्यांनी बारकाईने करून ठेवला आहे. त्यांची औषधे आम्ही जपली. त्यांची विचार करण्याची शिस्तही जपली, तरच त्यांचा वारसा सांगण्याचा अधिकार आम्हांस राहील.